ओट्याखालचा ओढा

सन २०५८. मे महिना. नळ तीन दिवस कोरडा होता आणि आमच्या स्वयंपाकघरातली फरशी मात्र ओली. मी वल्लरी, सातवीत. माझं डोकंच चालेना. भिंतींना तडे गेले होते. पाणी कुठून येतं ते कळलं नाही, तर घर धोकादायक ठरणार होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं.

माझ्या आईचे वडील, भाऊआजोबा, भूशास्त्रज्ञ (जमीन आणि खडकांचा अभ्यास करणारे). त्यांनी पाणी तपासलं. क्लोरीन नाही, म्हणजे नळाचं नव्हे. साबण नाही, म्हणजे गटाराचंही नव्हे. मग कोणाचं? ते म्हणाले, जुन्या ओढ्याचं. शहर वाढलं तसा लोकांनी तो पाइपात घातला, वर भराव टाकला आणि विसरून गेले.

आता शोधायचा कसा? वसाहतीच्या फाटकाशी साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड आहेत. आसरा पाण्याच्या देवता, त्यांना पाण्याकाठीच मांडतात. तेव्हा ओढा फाटकाखालीच, असं आजोबांनी ठरवून टाकलं. त्यांचा यंत्रमानव, नाव घोरपड, भूवेधी रडार (जमिनीत लहरी सोडून आतलं दाखवणारं यंत्र) घेऊन तिथे दिवसभर सरपटला. खाली नुसता कातळ. आजोबांनी काढलेला ओढ्याचा नकाशा तीनदा पुसून झाला.

वसाहतीच्या अध्यक्षा देशमानेकाकू तिथेच उभ्या होत्या. आसरा मागे अडगळीत पडल्या होत्या म्हणून आपणच त्यांना वाजतगाजत फाटकाशी आणलं, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं.

"मागे म्हणजे कुठे?" आजोबांनी विचारलं.

"तुमच्या स्वयंपाकघरामागेच की."

आजोबांनी कपाळाला हात लावला. देव हलवले म्हणून पाणी थोडंच हलतं? टेकडीपासून इथवरची जमीन त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र (जिथलं पाणी वाहत एकाच ओढ्याला मिळतं ती जमीन) होती. टेकडीत मुरलेलं पाणी सर्वांत सखल वाट धरतं, आणि तो पाइप आता गंजून फुटला होता. घोरपडीला आमच्या ओट्याखाली वाळू आणि गोल गोटे दिसले. असे गोटे वाहत्या पाण्यात घासूनच गोल होतात.

सगळं कळलं आणि मला रडू आलं. ओढा पुन्हा पाइपात घालता येईल ना, असं मी आजोबांना विचारलं.

"एकदा घालून बघितलाच की. त्याला इथून जाता येत नाही, वल्लरी. आपल्याला येतं."

आम्ही चढावरच्या रिकाम्या घरात राहायला गेलो. आमचं घर उतरवून ओढा उघडा करायचं ठरलं. स्वयंपाकघरातली पहिली फरशी मी उचलली आणि खालच्या वाळूत हात घातला. पाणी गार होतं, आणि हळूहळू पुढे जात होतं.