निजलेलं पातेलं

“वाळू!” चिमणी म्हणाली आणि तिनं जीभ बाहेर काढून दाखवली.

“वाळू नाही, साखर आहे ती,” चष्मा म्हणाली.

“मग दातांखाली कर्रकर्र का वाजतंय? मी काय रस्ता खातेय?”

“हळू बोल!” उंटानं तिच्या तोंडावर हात ठेवला. “मावशी ऐकेल!”

मावशीनं ऐकलं होतंच. ती ओट्यापाशी उभी राहून चॉकलेट फजच्या वड्या कापत होती. सुरी वडीतून सरळ जायला हवी होती, पण ती अडखळत होती आणि कडेनं भुगा सांडत होता.

सुट्टीत ही तिघं मावसभावंडं मावशीकडे राहायला आली होती, आणि घरात त्यांना टोपणनावांनीच हाक मारत. उंट तेरा वर्षांचा. त्याच्या पायांना पलंग पुरत नसे. चिमणी त्याची धाकटी बहीण. ती झोपेतसुद्धा बोलायची. आणि चष्मा त्या दोघांच्या दुसऱ्या मावशीची मुलगी. ती बोलायची कमी, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

तिघांच्या येण्याचं खरं कारण म्हणजे मावशीचा फज. तोंडात ठेवला की आधी जड, मग मऊ, मग नाहीसा! कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात तो दर शनिवारी जायचा आणि दुपारपर्यंत संपायचा. पण हल्ली काहीतरी बिनसलं होतं. प्रत्येक ट्रे रवाळ निघत होता.

“हात गेला माझा,” मावशी म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, हवामान सांगावं तसं तिनं सांगितलं. “आईचा हात मला आला होता. आला तसा गेला. आता या शनिवारचा एक ट्रे करते. तोही असाच झाला, तर कॉफीवाल्या ताईंना सांगणार, कारखान्यातला मागवा. आणि हे पातेलं माळ्यावर.”

पातेलं जाड बुडाचं होतं. एक कान जरा वाकडा. त्याच्या जोडीचं दुसरं फडताळात होतं. दोन्ही आजीची. फज करताना आजी गाणं म्हणायची, तेच आता मावशी म्हणायची:

“उकळ उकळून गोळी झाली,
पातेल्या, तुला झोप आली.
कुणी गं याला हलवू नका,
निजल्या लेकरा बोलवू नका!”

आज मात्र ती गात नव्हती.

“साखरच खराब असणार!” बाहेर पडल्या पडल्या उंट म्हणाला.

“किंवा कोको!” चिमणी म्हणाली. “किंवा दूध! किंवा गाय!”

“करून बघू,” चष्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच डब्यांतली साखर घेतली, तोच कोको, तेच दूध, चिमूटभर मीठ. गॅसजवळ मावशी उभी होती, पण ती हात लावणार नव्हती. पाक रटरटू लागला, तेव्हा चष्म्यानं ओला ब्रश भांड्याच्या आतल्या कडांवरून फिरवला. तिथे चिकटलेला साखरेचा एकही कण आत पडता कामा नये! मग थेंब गार पाण्यात टाकून पाहिला. पहिला विरघळला. दुसरा पसरला. पुढचा बोटांत मऊ गोळी होऊन बसला.

“उतरवा!” मावशी म्हणाली. “वर लोण्याचा गोळा ठेवा. ढवळायचं नाही! भांड्याला बाहेरून हात कोमट लागेपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.”

तिघं मात्र बघतच बसली. त्यांचा एकमेकांवर इतका अविश्वास होता, की पातेलं अगदी सुरक्षित होतं.

मग घोटून थापलेला तो फज रेशमासारखा निघाला!

“जमलं! मावशी, जमलं!” चिमणी नाचू लागली.

मावशीनं तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि उघडले. “छान,” ती म्हणाली. “म्हणजे सामान चांगलंय. दोष हाताचाच.” आणि ती पाठ वळवून भांडी घासू लागली.

तिघांचे चेहरे पडले. करायला गेलो काय आणि झालं काय!

“आता तर नक्कीच पातेलं माळ्यावर जाणार,” उंट जिन्यात बसून म्हणाला.

“एक सांग,” चष्मा म्हणाली. “आपलं पातेलं निवत होतं, तेव्हा जवळ कोण होतं?”

“आपण.”

“आणि मावशीचं निवतं तेव्हा?”

“कुणीच नाही. हल्ली ती खिडकीत ठेवते आणि पाठ टेकायला जाते.”

“अगदी बरोबर. काल ती झोपली असताना मी पाणी प्यायला गेले. खिळ्याला लाकडी चमचा लटकत होता. ओला! मावशीनं तर घोटायला घेतलाच नव्हता अजून.”

चिमणीचे डोळे मोठे झाले. “मांजर!”

“मांजर चमचा धुऊन खिळ्याला अडकवतं?”

“शहाणं असेल तर!”

“गरम पाकातली साखर निजलेली असते,” चष्मा म्हणाली. “गाण्यात तेच तर आहे. मध्येच चमचा घातला की एक कण जागा होतो, आणि तो सगळ्या आळीला उठवतो. मग फज रवाळ! या घरात कुणीतरी पाक ढवळतंय.”

“चोर!” उंट उठून उभा राहिला आणि त्याचं डोकं जिन्याला आपटलं. “आई गं! पकडू या त्याला!”

बेत ठरला.

शुक्रवारी मावशीनं पाक उतरवला, तेव्हा चष्मा गोड आवाजात म्हणाली, “मावशी, आज खिडकीत ऊन येतंय. या चहा न्यायच्या छोट्या गाडीवर ठेव ना पातेलं. खाली गोधडी घातलीये मी.”

मावशीनं ठेवलं. तिला आता कशाचंच फारसं वाटत नव्हतं. ती पाठ टेकायला गेली.

“चला!” उंट कुजबुजला.

गाडीची चाकं एरवी डुकरासारखी ओरडत, पण चिमणीनं सकाळीच, मावशीकडेच राहणाऱ्या आजोबांच्या घड्याळांचं तेल त्यांना पाजलं होतं. उंट गाडी ढकलत होता, चष्म्याची नजर पाकावरून हलत नव्हती. चिमणी पुढे धावत वाटेतल्या चपला, वर्तमानपत्र आणि मांजर उचलत होती. उंबरठा आला. तिघांनी श्वास रोखले. पुढची चाकं अलगद... मागची चाकं अलगद... पाकावर एक सुरकुतीही हलली नाही! गाडी कपड्यांच्या खोलीत गेली आणि दार बंद झालं.

मग फडताळातलं जुळं पातेलं खिडकीत आलं. त्यात उंटानं सकाळी शिजवलेली खळ होती: मैदा, पाणी, कोको आणि मूठभर मीठ. चव सोडली, तर सगळं हुबेहूब!

तिघं जेवणाच्या टेबलाखाली शिरली आणि चादरीच्या फटीतून बघू लागली.

पावलं वाजली. बसचालक काका! मावशीचे यजमान नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खिळ्यावरचा चमचा घेतला आणि एक भला मोठा घास तोंडात टाकला.

त्यांचे डोळे बाहेर आले. गाल फुगले. थुंकावं तर आवाज होणार! त्यांनी तो घास कसाबसा गिळला आणि भिंतीला धरून उभे राहिले.

“मीठ पडलं बिचारीकडून,” ते पुटपुटले. “खरंच हात गेला हिचा.” मग त्यांनी पातेल्यात साखर ओतली आणि घासाचा खड्डा दिसू नये म्हणून सगळं गोल गोल ढवळून टाकलं. चमचा धुतला, अडकवला आणि गेले.

“चोर सापडला!” चिमणी उठायला लागली.

“थांब!” चष्म्यानं तिची वेणी धरली.

आजोबा येत होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. ते पातेल्यापाशी थबकले आणि डोकं वाकडं करून म्हणाले, “काय रे, थांबलास? असं थांबून कसं चालेल? चल, चल.” आणि त्यांनी चमचा फिरवला, डावीकडून उजवीकडे, एका लयीत. मग समाधानानं निघून गेले.

उंटानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. शेजारच्या शिवणाऱ्या काकू इस्त्री परत करायला आल्या होत्या. “बाई गं! केवढी ही सुरकुती!” असं पातेल्याला म्हणत त्यांनी चमच्याच्या पाठीनं त्याचा वरचा थर साफ सपाट केला. कापडावरून हात फिरवतात तसा हातही फिरवणार होत्या, पण चटका आठवला असावा.

टेबलाखाली चिमणीनं बोटांवर मोजलं: एक, दोन, तीन.

“एक नाही,” ती म्हणाली, “टोळी आहे!”

चहाच्या वेळी काकूंनाही थांबवून घेतलं. मावशी आली. पातेलं पुन्हा खिडकीत कसं, हे विचारण्याइतकंही तिचं लक्ष नव्हतं. तिनं त्यात पाहिलं आणि ती खुर्चीवर बसली.

“बघा. आत्ताच गुठळ्या दिसतायत. घोटण्यात अर्थ नाही. उंटा, माळ्याची शिडी आण.”

काका कपात बघू लागले. आजोबा घड्याळात. काकूंना साडीवरचा दोरा सापडला.

“काका,” चिमणीनं विचारलं, “जास्त खारट लागलं का हो?”

काकांना ठसका लागला. “मी... फक्त एकच घास! आणि आज तर मी साखर घालून सुधारलं!”

“तुम्ही खाल्लंत?” आजोबा गरजले. “तरीच! मी आपलं एकदाच हलवतो, थांबलेलं बघवत नाही म्हणून.”

“अगंबाई!” काकू म्हणाल्या. “आणि मी एकदाच सपाट करते!”

“एकदाच अधिक एकदाच अधिक एकदाच,” चष्मा म्हणाली. “आणि प्रत्येकाला वाटायचं, माझ्या एकदाच्यानं काय होतंय!”

मावशी एकेकाकडे बघत राहिली. “म्हणजे...” तिनं आपले दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. “हे ठीक आहेत?”

“ठीक?” उंटानं कपड्यांच्या खोलीचं दार उघडलं. गाडी आवाज न करता आत आली. खऱ्या पातेल्यात पाक निजला होता, काळाभोर, तळ्यासारखा, वर लोण्याचं सोनेरी वर्तुळ.

मावशीनं बाहेरून हात लावला. कोमट. तिनं चमचा घेतला, मनगट फिरवलं आणि गाणं आपोआप ओठांवर आलं. पण फज घोटणं म्हणजे खायचं काम नव्हे! चमक उडेपर्यंत हात थांबवायचा नसतो. थोड्या वेळानं ती दमली आणि तिनं मान वर केली. टोळी खाली मान घालून बसली होती.

“हलवायचं होतं ना? या मग! आता हात पाहिजेत.”

तिघं मोठी माणसं मुलांसारखी धावली! काकांनी बसचं चाक फिरवावं तसा चमचा फिरवला. ते दमले तेव्हा आजोबांनी घेतला, लंबकासारखा, न चुकता. काकू पातेल्यावर वाकून बसल्या होत्या.

“अजून साटिन आहे... अजून... अजून... झालं! चमक गेली! सुती झालं!”

“ओता!” मावशी ओरडली. लोणी लावलेल्या ट्रेमध्ये फज घरंगळत उतरला.

गार झाल्यावर सुरी त्यातून सरळ गेली. सगळ्यांनी एकेक वडी तोंडात टाकली आणि कान टवकारले. कर्र नाही. काहीच नाही. आधी जड, मग मऊ, मग नाहीसा.

“घड्याळ न उघडता बिघाड शोधलात, पोरांनो!” आजोबा म्हणाले. “मला जन्मात जमलं नाही ते!”

“आणि काकांना मीठ खाऊ घातलंत,” काका म्हणाले. “शाबास! पण पुन्हा नको.”

मावशीनं कापलेल्या वड्यांच्या चारी कडा, सगळ्यांत चवदार असतात त्या, तिघांपुढे ठेवल्या. शिडी कुणी आणलीच नव्हती.

शनिवारचा ट्रे दुपारच्या आतच संपला. सगळी हकीकत कळलेल्या कॉफीवाल्या ताईंनी रिकामा ट्रे परत पाठवताना त्यात तीन मोठे चमचे ठेवले होते, “गुप्तहेरांसाठी.”

पुढच्या वेळी पाक उतरला, तेव्हा आजोबांनी आपल्या टेबलावरचं एक बंद पडलेलं घड्याळ आणून खिडकीत पातेल्याशेजारी ठेवलं.

“आजोबा, हे दुरुस्त नाही करणार?” चिमणीनं विचारलं.

“नाही,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी हात पाठीमागे घट्ट बांधले. “काही गोष्टी थांबलेल्याच बऱ्या.”