दुपारचं ड्रेसिंग

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि अजून संपलेलं नाही.

आधीच सांगते, यात मध्यरात्र नाही. कुत्री रडत नव्हती, दिवे गेले नव्हते.

भर दुपार होती. जेवणाची सुट्टी. नर्सिंग स्कूलचा दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताची शेवटची खोली.

मी नर्स नाही. मी त्या खोलीतल्या बाहुल्या सांभाळते. इंजेक्शन टोचायचा रबरी हात, टाके घालायची नकली कातडी, बाळंत होणारी बाई आणि तिचं बाळ. मुली आधी यांच्यावर शिकतात, मग खऱ्या माणसाला हात लावतात. टोचून टोचून चाळणी झालेला हात मीच दुरुस्त करते. खोटं रक्त मी कालवते. खोटा पू मी शिजवते.

हसू नका. कस्टर्ड पावडर, ग्लिसरीन, चिमूटभर कॉफी. वासासाठी नासलेल्या दुधाचे दोन थेंब. माझा पू बघून भल्याभल्यांनी नाक दाबलंय.

मला मात्र कधी किळस आली नाही. त्याच हाताने डबा खाल्लाय. स्वतः शिजवलेल्याची कसली किळस?

माझी भाची याच स्कूलमध्ये शिकत होती. थोरल्या बहिणीची मुलगी. हुशार, अभ्यासात पहिली, आणि जखम दिसली की हिच्या पोटात ढवळलंच. अॅप्रनच्या खिशात लिंबू ठेवायची, हुंगायला. म्हणून मुली तिला लिंबूच म्हणायच्या.

ड्रेसिंगच्या परीक्षेत लिंबू दोनदा नापास झाली. दुसऱ्या वेळी तर परीक्षकांच्या बुटांवरच ओकली.

स्कूलच्या मोठ्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं की आता एकच संधी. नाही जमलं तर नाव कमी. त्यांचंही बरोबर होतं. ज्या नर्सला पेशंटची किळस येते तिचा पेशंटला काय उपयोग?

पोरगी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. ताई रडायला लागली. लिंबू एवढंच म्हणाली, "मावशी, मला दुसरं काही नाही करायचं. मला हेच करायचंय."

माझा जीव तुटला. म्हटलं, रोज दुपारी सुट्टीत ये. खोली रिकामी असते, किल्ली माझ्याकडे असते. ओक हवं तितकं, मी बादली धरते.

त्याच सुमारास नवीन मॉडेल आलं होतं. कमरेपासून मांड्यांपर्यंतचं धड, कुशीवर ठेवलेलं. सिलिकॉनचं. बोट दाबलं की कातडी दबायची आणि हळूच वर यायची. माकडहाडावर तळहाताएवढं भगदाड. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पडून पडून जखम होते ना, बेडसोर, तीच.

मॅडमचा नियम होता, मॉडेलला वस्तू म्हणायचं नाही. या मॉडेलचं नाव आजी. हात लावायच्या आधी आजींना सांगायचं, आता मी काय करतेय ते.

पहिल्या दुपारी मी पू भरून ठेवला. लिंबूनं पट्टी उचलली आणि बादलीकडे धावली. मी खूप चिडवलं. म्हटलं, कस्टर्ड आहे गं बाई, वाढदिवसाला वाटीभर चाटून खाल्लं होतंस. तरी बिचारीनं डोळे पुसत ड्रेसिंग पुरं केलं आणि वर नवी पट्टी लावून गेली. मी ती पट्टी तशीच राहू दिली. म्हटलं, उद्या काढून धुऊ.

दुसऱ्या दुपारी मला उशीर झाला. मी ताज्या पुवाची वाटी घेऊन दारात पोचले, तर लिंबू आधीच आत होती. पट्टी उघडलेली.

"मावशी," ती मागे न बघता म्हणाली, "आज वास वेगळा केलास."

वाटी माझ्या हातात होती...

आणि पट्टी ओली होती.

पिवळी नाही. हिरवट, करड्या कडांची. मधे रक्ताची रेघ. आणि वास... तो नासक्या दुधाचा नव्हता. गोडसर, उबट. नाकात शिरून घशात चिकटणारा. शी. आत्ता लिहितानाही तोंडात पाणी सुटलंय, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

मी दाराची कड धरली.

लिंबू मात्र कापूस फिरवत होती. शांतपणे. आतून बाहेर, आतून बाहेर. ओकारी नाही, खिशातलं लिंबू हुंगणं नाही.

मी विचारलं, तुला मळमळत नाही का?

तीही जरा चकित झाली. म्हणाली, कालचं गोड गोड खोटं वाटत होतं, त्यानं ढवळायचं. आज वाटतंय की कुणाला तरी खरंच त्रास होतोय. मग किळस कशी येईल?



ती गेल्यावर मी हातमोजे घालून ती पट्टी उचलली. कोमट होती. खिडक्या बंद, ऊन नाही, आणि पट्टी कोमट. कचऱ्यात टाकली, हात साबणानं तीन वेळा धुतले. डबा उघडला आणि बंद केला. नखांत वास होता.

तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी मॅडमना का नाही सांगितलं? भाचीला का नाही सांगितलं?

अहो, सांगून काय झालं असतं? पोरीचा हात पहिल्यांदा स्थिर झाला होता. "हे मी भरलेलं नाही" एवढं म्हटलं असतं तर ती जिन्यावरून जी धावत सुटली असती ती थेट घरी. मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रोज दुपारी ती यायची. रोज पट्टी ओली असायची. आणि मी, पुवाची आचारीण, कोपऱ्यात नाकाला रुमाल लावून उभी.

ती आजींशी बोलायची. आता कापूस लावते हं आजी. गार लागेल हं.

एका दुपारी तिनं कापूस आत नेला आणि...

"हं...ऽ"

कुणीतरी श्वास सोडला. दुखणं जरा कमी झालं की माणूस सोडतो तसा. लांब, दमलेला.

लिंबू म्हणाली, "झालं हं, झालं." तिला वाटलं मी उसासा टाकला.

मी तोंडावर दोन्ही हात दाबून उभी होते.

त्यानंतर मी त्या धडाकडे बघायचं टाळायची. पण नजर जायचीच. हिरवट कमी होत गेलं. कडेनं लालसर, ओलं, नवं मांस दिसायला लागलं. सिलिकॉनच्या भगदाडात. लिंबूला वाटायचं मी रोज रात्री बसून जखम बदलते. म्हणायची, मावशी, किती कष्ट घेतेस गं माझ्यासाठी.

मला मेलीला रडावं की ओकावं कळेना.

परीक्षा झाली. लिंबूनं असं ड्रेसिंग केलं की परीक्षक मान डोलवत राहिले. जाताना मला म्हणाले, जखम फार हुबेहूब बनवली आहे तुम्ही. मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले.

पोरगी पास झाली. ताईनं मला मिठी मारली. पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका हॉस्पिटलात तिला नोकरीही लागली. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

कुठला जायला.

मुली सुट्टीवर गेल्या. खोली बंद. आणि बंद खोलीत ते धड गळायला लागलं. आधी टेबलावर डाग. मग टेबलाखाली. वास जिन्यापर्यंत यायला लागला. मॅडमना वाटलं आतलं काही मटेरियल खराब झालंय. म्हणाल्या, भगदाड भरून टाका, पुढच्या वर्षी दुसरं मागवू.

दुरुस्ती माझंच काम. मी दोन मास्क लावले, श्वास रोखला आणि सिलिकॉनची पेस्ट त्या भोकात कोंबली. पुसलं नाही, धुतलं नाही, कोण हात घालणार आत? वरून हात फिरवून सपाट केलं. वाळल्यावर कातडी गुळगुळीत. वास गेला.

त्या दिवशी मी डबा पुसून खाल्ला.

मग एका रविवारी लिंबू घरी आली. चेहरा उतरलेला. जेवता जेवता सांगायला लागली.

तिच्या वॉर्डात एक म्हातारी बाई आली होती. कित्येक महिने अंथरुणावर. मुलगा आणि सून कामाला जायचे, बाहेरून कुलूप लावून. बाईंचं तोंड भिंतीकडे होतं. लिंबूनं पाठीला हात लावला, तोच त्या न वळता म्हणाल्या, "आलीस? इतके दिवस कुठे होतीस गं?"

लिंबूला वाटलं, तापात बडबडतायत. पण त्या सांगत राहिल्या. दुपारी एक पोरगी यायची. हलक्या हाताची. गार लागेल हं म्हणायची. सून म्हणाली, घरी कुणीच येत नव्हतं, नर्स ठेवायची आमची ऐपत नाही.

माझा घास तोंडात फिरायला लागला.

मी विचारलं, जखम कुठे आहे?

"माकडहाडावर," लिंबू म्हणाली. "पण मावशी, जखम दिसतच नाही. वरून कातडी बंद. गुळगुळीत. आत सगळं सडलंय. खोल जखम तळातून भरावी लागते, तोंड आधी मिटलं की घाण आत कोंडते. डॉक्टर कापून उघडतात. दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा बंद. असं कधी कुणी पाहिलेलं नाही. ताप उतरत नाहीये गं. वाचणार नाहीत त्या."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचा पहिला पेशंट होता तो.

ती मला काही विचारत नव्हती, नुसतं सांगत होती. पण मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती खोली उघडली.

आजी कुशीवर होत्या, मी ठेवल्या तशा. पंखा बंद. बाहेर व्हरांड्यात नेहमी मुलींचा गलका असतो, त्या दुपारी तोही नव्हता.

मी भरलेली जागा...

फुगली होती.

ताणून चकचकीत झालेली. बोट लावलं. गरम. तव्यासारखी नाही हो, तापलेल्या पोराच्या कपाळासारखी.

मी ब्लेड घेतलं. पहिली चीर वाकडी गेली. दुसरी लागली आणि...

काय आलं ते लिहीत नाही. बाहीवर आलं, मनगटावर आलं. मी बादलीकडे धावले. परत आले. पुन्हा धावले. शी, शी, शी, एवढंच तोंडून निघत होतं. पण भोक मोकळं केलं. कोंबलेला बोळा ओढून काढला. कापूस, पाणी, औषध, पट्टी. भाचीचं बघून बघून जे आलं होतं तसं, धसमुसळं.

तेव्हापासून रोज दुपारी मी तेच करते. मॅडमना सांगितलंय की दुरुस्ती चालू आहे. डबा नेणं बंद केलंय. हिरवट दिसलं की पोट उलटतं, मग बादली, मग परत कापूस. सवय होईल म्हणतात. मेली होत नाही.

काल लिंबूचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. तिच्या वॉर्डातल्या आजींची जखम आता मिटत नाही, उघडी राहते, तळातून लाल मांस धरायला लागलंय. ताप उतरला. डॉक्टरांनी हिची पाठ थोपटली.

मी म्हटलं, छान झालं गं.

मग ती हसायला लागली. म्हणाली, आजींचे भ्रम अजून चालू आहेत. दुपारी वॉर्डात कुणी नसतं तरी म्हणतात, दुसरी एक बाई येते. हाताने जड आहे. आणि सारखी शी शी करते, ओकते.

मी नकळत बाही हुंगली.

"आणि काल काय म्हणाल्या माहितीये," लिंबू म्हणाली, "मला विचारतात, मला काय हौस आहे का गं सडायची? सांग त्या बाईला."

तिला गंमत वाटत होती. मला हसायला येईना.

आज दुपारी मी तोंड घट्ट मिटून ड्रेसिंग केलं. घशाशी आलेलं गिळलं. बादलीकडे गेले नाही.

परवा सुट्टी आहे. वॉचमनकडून मेन गेटची किल्ली मागून घेतलीय. आजी बऱ्या झाल्या तर मी सुटले. आणि नाही झाल्या, तर त्या जातील त्या दिवशी या टेबलावर काय पडलेलं असेल... आणि ते तिथून उचलायचं काम कुणाचं, हेही मला माहीत आहे.