हौदाकडची हरळी

“चोर कोण ते म्या सांगते, जमादार. तुमी नुसता पुरावा आणा,” म्हणत मथुराबाईंनी रेवणसिद्धांपुढं हरळीची काशी टाकली. मातीखालचं ते दांडं पांढरंशुभ्र, जिवंत होतं.

पोलिसातून निवृत्त झालेले रेवणसिद्ध उस्मानाबादेत खाजगी तपास करत. सोबत धोंडप्पा. त्याचं डोकं टोपी ठेवण्यापुरतं.

प्रकरण सरळ दिसत होतं. मथुराबाईंनी बेंबळीच्या सोसायटीतून तणनाशकाचा डबा नेला आणि वैशाखात फवारला. हरळीची पानं करपली. आषाढात चार थेंब पडताच ती पुन्हा हिरवी. शेजारच्या आबारावांची मात्र त्याच औषधानं मुळासकट गेली. गोदामवाल्या उत्तरेश्वरनं औषध चोरून डब्यात पाणी भरलं, असा बाईंचा आळ. संध्याकाळी सोसायटीच्या सभेत त्याची नोकरी जाणार होती.

“डबा सीलबंद दिला, साहेब,” उत्तरेश्वर म्हणाला. “पोरीचं लगीन ठरलंय. सोयऱ्यांचा निरोप आला, सभा होऊ द्या, मग बघू.”

फवारणारा शिवप्पा बांधावर सापडला.

“पाणी जादा घातलंस?”

“माप बाईंनी सोताच वतलं. त्यांच्यापुढं माझी छाती हाय व्हय?”

“रान कसं होतं?”

“भेगाळलेलं. पाय अडकला माझा. हरळी सुतळीवानी वाळलेली.”

“आबारावांकडं?”

“तितंबी म्याच, ह्याच पंपानं.”

आबाराव मिशीत हसले. “आमचं औषध चांगलं निघालं बघा. कांद्याचं पाणी बांधावर पाझरतच हुतं, तितं फवारून घेतलं.”

रेवणसिद्ध मथुराबाईंना घेऊन त्यांच्या रानात फिरले. बैलांच्या हौदाला जुनी चीर होती, पाणी बारमाही पाझरत होतं. तिथं जमीन ओली, पण हरळीचं पातं नव्हतं. खुरप्यानं उकरलं, तर काशा काळ्या, कुजलेल्या.

“बैलांनी तुडवली असंल,” धोंडप्पा म्हणाला.

“काशी मातीखाली असते, धोंडप्पा. बैल खाली जाऊन तुडवतात का?”

सभेत रेवणसिद्धांनी आधी बाईंनाच विचारलं, “वैशाखातच का फवारलं?”

“इचारायचं काय त्यात? सासूच्या काळापासनं हरळी वैशाखातच खांदत्यात. उघडी पडली की उन्हानं मरती.”

“खांदायला तो महिना बरोबर. पण हे औषध पानातून आत शिरून काशीपर्यंत उतरावं लागतं. ओल असली, हरळी वाढीला लागलेली असली, तर ती स्वतःच ते खाली नेते. कोरड्या रानात ती मिटून बसते. पान करपलं, काशी वाचली.”

“उत्तरेश्वरला वाचवायला बरी गोष्ट रचली!”

“मग हौदाकडची कशानं मेली? तिथं तुम्ही वेगळं औषध मारलं?”

“न्हाय. तेच.”

“तोच डबा, तोच पंप. निराळी होती ती फक्त ओल. डब्यात नुसतं पाणी असतं, तर हौदाकडंही हरळी डुलली असती.”

“मग चोर कोण?” धोंडप्पानं विचारलं.

“चोरीच झाली नाही.”

मथुराबाईंनी पदर सावरला.

“उत्तरेश्वर, सोयरे कुठले तुझे?”

“तेरचे, आक्का.”

“सकाळी गाडी जुंपा. आळ म्या घेतला, सोयऱ्यांच्या दारात निस्तरायलाबी म्याच जाते.” दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. “आन् टोपीवाल्या, दात मिट. तुला तर अजून बैलच दिसत्यात.”