‘बुजरा’ शब्दाचं वाक्य

दोर्रा धापा टाकत वर्गात शिरली, तेव्हा जर्मनचा तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. रिकामी खुर्ची एकच – एका उंच, सावळ्या तरुणाशेजारी.

“बस की, चावत नाही मी,” तो कुजबुजला. “मी वजदी. बंदरावर बोटींचं वेल्डिंग करतो.”

“दोर्रा... नर्स आहे,” ती पुटपुटली.

सलवाबाईंनी फळ्यावर एक जर्मन शब्द लिहिला. “म्हणजे बुजरा. लाजणारा, स्वतःवर भरवसा नसलेला. चला, प्रत्येकी एक वाक्य!”

वजदी लगेच उठला. “माझे काका बुजरे आहेत, कारण काकू त्यांना बोलूच देत नाहीत.”

वर्ग खदखदून हसला. मग दोर्राची पाळी आली. वाक्य जिभेवर तयार होतं, पण वीस डोळे तिच्याकडे वळले आणि ते तिथंच अडलं. अशीच गप्प बसून ती तोंडी परीक्षेत एकदा नापास झाली होती. तिला नोकरी देऊ केलेलं जर्मनीतलं हॉस्पिटल जूनपुढे थांबणार नव्हतं.

“मी... मी...”

खण्‌कन वजदीचा कंपास खाली पडला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्या गोंधळात दोर्रानं म्हणून टाकलं, “मी बुजरी आहे, पण माझे पेशंट मला घाबरत नाहीत.”

“शाब्बास!” बाई म्हणाल्या.

तास संपल्यावर तिनं त्याला जिन्यातच गाठलं. “मुद्दाम पाडलास ना?”

“छे! हात घसरला.”

“दोन्ही हात एकदम?”

तो असा हसला, की तिला पायऱ्याच दिसेनात.

मग रोज तासानंतर ट्युनिशियातल्या त्या स्फॅक्स शहराच्या जुन्या तटाजवळ, हरिसाच्या लाल मिरचीच्या चटणीनं झणझणीत झालेले ट्यूना माशाचे पाव खात दोघं वाक्यं करू लागले. वजदी कधी खडूस डॉक्टर व्हायचा, कधी कण्हणारी म्हातारी. दोर्रा त्याला जर्मनमध्ये दटावायची... आणि घरी जाताना बसमध्ये एकटीच हसायची.

जूनच्या पहिल्या बुधवारी ती परीक्षेच्या इमारतीतून धावतच बाहेर आली.

“पास! वजदी, पास झाले!”

“वा!” तो म्हणाला. मग चेहरा उतरला. “म्हणजे... जाणार तू. दोर्रा, मला... म्हणजे आपण...”

त्याचे कान लालबुंद झाले. एवढा बोलघेवडा माणूस, पण शब्द फुटेना! हा आता काही बोलायचा नाही, हे दोर्रानं ओळखलं.

“तुझी परीक्षा कधी?”

“सप्टेंबरात.”

“मग मी पुढे जाते, तू मागून ये. पण त्याआधी शुक्रवारी आईला घेऊन आमच्या घरी ये.”

“कशाला?”

“मागणी घालायला, दुसरं कशाला!”

आवाज असा खणखणीत निघाला, की समोरच्या कॉफीवाल्याकडच्या म्हाताऱ्यांनी पेले खाली ठेवले. दोर्रा स्वतःच दचकली... पण नजर तिनं खाली घेतली नाही.

वजदीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्यांकडे.

“शुक्रवार?” तो कसाबसा म्हणाला. “अजून दोन दिवस थांबायचं?”