शेडमधला खोकला

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण ज्यांच्यासोबत हे घडलं ते आजही मिरजगावात राहतात. माझे सख्खे मामा, सहादेव.

गेल्या वैशाखातली अमावस्या. दिवस नुकताच मावळला होता.

मामा गावाबाहेरच्या प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर होते. जुन्या पिशव्या, पाइप, ड्रम वितळवून त्याचे दाणे पाडायचे. वास असा की घसा सोलून निघावा. धूर हायवेवरून दिसू नये म्हणून मालकानं, बिभीषणशेठनं, सगळ्या खिडक्यांवर पत्रे ठोकले होते.

मशीनशेजारी रंगुबाई माल निवडायला बसायची. खोकून खोकून तिच्या थुंकीत रक्त यायला लागलं.

"मालक, एक पत्रा तरी काढा. जीव गुदमरतोय."

"गुदमरतोय तर घरी जाऊन मर," शेठ म्हणाला.

ती घरी जाऊन मेली. ऐन संक्रांतीत.

त्या संध्याकाळी लाईट गेली होती. बाया घरी गेल्या होत्या. मशीन गार पडलेलं. शेडमध्ये मामा आणि शेठ, दोघंच.

आणि... रंगुबाईच्या जागेवरून खोकला आला.

कोरडा. शेवटी शीळ वाजल्यासारखा. अगदी तिचाच.

"कोन हाय रं तिकडं?" शेठनं मोबाईलची बॅटरी मारली.

कुणीच नव्हतं. तिचं गोणपाट तेवढं मधोमध दबलेलं... कुणी बसल्यागत.

शेठ शिव्या देत पुढं गेला. मामा मशीनपाशीच थांबले. तेवढ्यात त्यांच्या कानाशी आवाज आला...

"सहादेवभाऊ, तुमी बाहेर व्हा."

मामा धावतच बाहेर पडले.

पाठीमागं शटर खाली आलं. धाडकन नाही. कुणीतरी सावकाश ओढल्यासारखं.

आतून शेठच्या शिव्या. मग खोकला... आता दोघांचा.

मामांनी शटरला लाथा घातल्या. पहार लावली. ते तसूभर हललं नाही.

"सहादेव, पत्रा काढ! आरं, पत्रा काढ!"

मामांनी खिडकीच्या पत्र्याला पहार लावली, पण तोही निघेना. मग बाईचा खोकला थांबला.

शेठचा चालूच राहिला...

थोड्या वेळानं तोही थांबला, आणि शटर आपोआप वर गेलं.

आत धूर नव्हता. वाससुद्धा नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. शेठ गोणपाटावर आडवा पडला होता. त्याच्या तोंडातून मात्र काळ्या धुराची बारीक रेघ निघत होती...

नगरच्या दवाखान्यात तो काही दिवस जगला. एक एक श्वास ओढत. छातीत काहीतरी घट्ट गोठलंय, एवढंच डॉक्टर म्हणाले. काय ते त्यांनाही सांगता आलं नाही.

कारखाना बंद पडला. गाव म्हणतं, बरं झालं. मामाही तेच म्हणतात. तरी दिवेलागण झाली की ते एकटे घराबाहेर पडत नाहीत.

मी एकदा विचारलं, "मामा, तिनं तर तुम्हाला वाचवलं. मग अजून कशाला भिता?"



"रागानं बोलली असती ना, तर इतका भ्यालो नसतो," ते म्हणाले. "लई मायेनं बोलली रं... जेवायला हाक मारावी तशी."