सातवा चेहरा

खोलीत दोरीवर सुकत घातलेली पाच चित्रं होती. दहा चिमटे, एक हातआरसा. आणि त्या आरशात बघून तोंड वेडंवाकडं करणारा एक अनोळखी मुलगा.

"दाढ दुखतेय का?" मी विचारलं.

"नाही, हेवा वाटतोय." तो दचकून वळला... आणि हसला. "प्रत्येक चेहरा आधी स्वतः करून बघतो, मग काढतो. विहार सांभाळणारे आण्णा म्हणाले, रविवारी ही खोली रिकामी असते."

"रविवारी इथे माझा मुलांचा वर्ग असतो."

असा जयदेव भेटला. बुवापाड्यात, एकोणनव्वद साली. मी बी.एस्सी. होऊन एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले होते. तो मुलांसाठी चित्रकथा काढत होता. राग, भीती, हेवा, आनंद, दुःख, लाज — सहा भावनांची सहा गोलमटोल पात्रं. सातवं पात्र प्रेम. तेच अडलं होतं.

"उल्हासनगरचा लछूसेठ छापणार आहे. पुढच्या सोमवारी सातही पाहिजेत, नाहीतर पुस्तक कॅन्सल. मग मी सुरतेला, मामाकडे... साड्यांवर कोयऱ्या काढत बसेन."

पुढच्या रविवारी तो सातवं पात्र घेऊन आला. डोळ्यांच्या जागी दोन लालभडक बदाम.

"नाव न सांगता मुलांना दाखवू," मी म्हटलं.

वीस मुलं होती. एकोणीस जण ओरडले, "डोळे आलेत!" विसावा म्हणाला, "ताप."

मुलं घरी पळाली. जयदेव चिमटे गोळा करू लागला. "चला, कोयऱ्या."

"थांबा. चूक कुठे झाली ते बघू." मी आरसा उचलला. "तुम्ही यात स्वतःकडे बघता. प्रेमात पडलेला माणूस स्वतःकडे बघतो का?"

"मग कुणाकडे बघू?"

"इथे दुसरं कोण आहे?"

आरसा मी माझ्या कानाजवळ धरला. तो माझ्याकडे बघायचा... चेहऱ्यावर काहीतरी उमटायचं. नजर आरशाकडे वळली की पुसलं जायचं. चारदा तसंच झालं. मी आरसा पालथा ठेवला.

"पेन्सिल द्या."

"तुम्हाला चित्र काढता येतं?"

"चंचुपात्र येतं. शंकुपात्र येतं. हलू नका."

डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर. ओठ अर्धवट उघडे, काय बोलायचं ते विसरल्यासारखे. मी एकेक रेघ मोजून मारत होते.

"किती वेळ बघायचं?"

"जमेपर्यंत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पुढच्या रविवारी पुन्हा. सुरतेला जायचं नाही, जयदेव."

"लछूसेठ थांबणार नाही हो..."

"मी लछूसेठचं बोलत नाहीये."

बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं.

"शालन... मी आता चित्रासाठी बघत नाहीये."

"कळतंय. मान सरळ ठेव."

त्याने माझ्या रेघांवर शाई फिरवली. बदाम नाहीत, लाल रंग नाही; दोन साधे ठिपके, एक भुवई वर. दुपारी मुलांना पुन्हा बोलावलं. नाव झाकून चित्र वर धरलं आणि विचारलं, याला काय झालंय?

वीसपैकी अठरा जण तोंडावर हात ठेवून "लव्ह!" म्हणाले. दोघं म्हणाले, "भूक लागलीय."