तंगुसाचा दोरा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पासपोर्टचे फोटो काढायचे. मान सरळ, हसू नका, झालं काम. सगळं गाव त्यांना 'मान सरळ' म्हणायचं आणि त्याचा त्यांना मनातून संताप यायचा. उडत्या पक्ष्यांच्या फोटोंची एक स्पर्धा लागली, तेव्हा त्यांनी ठरवलं, हे नाव पुसायचं. फोटो पाठवायची मुदत अठ्ठावीस नोव्हेंबरची.

पंचवीसला ते समुद्रावर गेले. पण उडता पक्षी म्हणजे डोकेदुखी. फोकस धरेपर्यंत तो पुढे गेलेला. मग दाजींनी बादलीभर सडकी मासळी आणली. अळ्या वळवळत होत्या तिच्यात. एका माशाच्या डोक्यात त्यांनी गळ खुपसला, गळाला तंगुसाचा दोरा बांधला, तोच तो मासे धरायचा नायलॉनचा. दुसरं टोक खडकाला. एका कुरवाने, त्या पांढऱ्या समुद्रपक्ष्याने, ते डोकं गळासकट गिळलं. आता जाणार कुठे? पतंगासारखा एकाच अंतरावर फडफडत राहिला बिचारा. फोकस एकदा लावला की झालं. दाजींनी चारशे फोटो काढले, मग दोरा कापला. पक्षी पोटात गळ घेऊन गेला.

हे त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. मला शिसारी आली. पण जावयाला बोलणार कोण?

सत्तावीसची रात्र. मंगळवार. पावणेदोन वाजलेले. दाजी स्टुडिओत एकटे, शटर खाली ओढलेलं. फोटोतला दोरा कॉम्प्युटरवर पुसत होते. चोचीपासून सुरुवात केली, खडकापर्यंत आले. दोरा गेला. आता पक्षी अगदी मोकळा दिसत होता.

तेवढ्यात घसा खवखवला. खाकरले. जिभेवर केस आल्यासारखं वाटलं. दोन बोटांत धरून ओढला.

केस नव्हता.

ओढला तसा येत गेला… हातभर… दोन हात… बुळबुळीत. सडक्या मासळीचा वास. पोटात काहीतरी अडकलं. उमासे येऊ लागले. टोक बोटांतून सुटलं.

खाली पडलं नाही. शटरच्या फटीकडे सरकलं… बाहेर गेलं…

दोरा ताठ झाला.

दाजींनी चाचपून कात्री घेतली. कापला. आतला तुकडा सर्रकन घशाखाली उतरला. बाहेरचा फटीतून ओढला गेला…

शटर उचलून पाहिलं. बाहेर कुणीच नव्हतं.

डॉक्टरांनी तीनदा एक्स-रे काढला. पोट स्वच्छ. "मनाचे खेळ आहेत," म्हणाले. फोटो दाजींनी पाठवलाच नाही. ताईला फक्त एवढं म्हणाले, "रात्री माझा हात धरून झोप. सोडू नकोस."

ताईने दोन महिने धरला. माणूसच ती, डोळा लागायचाच. एका पहाटे जाग आली तेव्हा हात हातातच होता… गार. तोंड खिडकीकडे. उघडं.

तुम्ही ताईकडे जाता ना? त्या खोलीतला पलंग हलवायला चार गडी लागतात. त्या रात्री दोघंही त्याच्यावर झोपली होती. फरशीवर पलंगाच्या पायांच्या चार रेघा आहेत. भिंतीपाशी सुरू होतात… समुद्राकडच्या खिडकीखाली संपतात. मी स्वतः घासून पाहिल्या. जात नाहीत.